एकाच सर्व्हरचा ट्रेस

आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवाल्या साहेबाइतका अर्धवट माणूस मी पाहिला नाही. अर्धवट म्हणजे खरोखर अर्धवट. चहासुद्धा अर्धा ठेवायचा.

मी लॅबची गाडी चालवतो, तपासायचे रक्ताचे नमुने गोळा करून आणतो. भाची तिथंच प्रोग्रामर. रिपोर्ट तयार झाला की आमचा सर्व्हर दवाखान्याच्या सर्व्हरला हाक मारतो, "घे बाबा, रिपोर्ट आला." त्याला ही मंडळी वेब सर्व्हिसचा कॉल म्हणतात. तर यातले काही रिपोर्ट मधेच गडप व्हायला लागले. दवाखान्याच्या शिव्या आल्या आणि साहेबानं बोट दाखवलं पोरीकडं. "तुझाच कोड. आज मालकीणबाई आल्या की तुझा निकाल."

"सर, आधी ट्रेस चालू करू ना," ती म्हणाली. "कुठला कॉल कुठं गेला, काय उत्तर आलं, सगळं लॉगच्या नोंदींत दिसेल."

ती हे केव्हापासून मागत होती. हा म्हणायचा, "लॉगिंगनं सर्व्हर जड होतो." म्हणजे घरात दिवा लावायचा नाही, आणि ठेच लागली की सुनेला बोल लावायचा!

या खेपेला मात्र त्यानं स्वतः ट्रेस लावला. दुपारी मालकीणबाईंपुढं छाती काढून उभा. मी नमुन्यांची पेटी घेऊन दारातच थांबलो.

"बघा बाई, सगळे कॉल गेले, सगळ्यांना उत्तर आलं. जे रिपोर्ट पोचले नाहीत, ते हिच्या कोडनं पाठवलेच नाहीत."

पोरीचा चेहरा उतरला. पण आमच्या ताईचीच लेक ती. म्हणाली, "सर, आपले सर्व्हर दोन आहेत. कॉल दोघांत वाटले जातात. ट्रेस एकावरच लावलाय तुम्ही."

"दुसराही तसाच आहे. शितावरून भाताची परीक्षा होते."

"अहो, पण भांडी दोन आहेत ना?" मालकीणबाई म्हणाल्या. "लाव गं तू दुसऱ्यावर."

तिनं लावला. चहा निवायच्या आत पडद्यावर लाल ओळी. दवाखान्यानं सर्व्हर बदलला होता, आणि आमच्या दुसऱ्या सर्व्हरच्या हाका जुन्याच पत्त्यावर जात होत्या. तिथं ऐकायला कोण बसलंय? नवा पत्ता टाकला होता साहेबानंच. एका सर्व्हरवर टाकला आणि हात झटकले. ट्रेसही नेमका तिथंच लावला. दुसरं मशीन उघडायचा कंटाळा, दुसरं काय!

आणि निलाजरा म्हणतो कसा, "बरं झालं, ट्रेसचा निर्णय मी घेतला."

मालकीणबाईंनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "पोरी, दोन्ही सर्व्हर आता तुझ्याकडं. आणि साहेब, ज्यांचे रिपोर्ट अडकले, त्या प्रत्येकाला फोन करून माफी मागायची. तुम्ही स्वतः."

"सगळ्यांना?"

"अर्ध्यांना नको."

तो फोन लावत बसला. पलीकडून कुणा आजीचा चढलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. मला पुढच्या फेरीला निघायचं होतं, पण असला कार्यक्रम सोडून जातंय कोण? पेटी खाली ठेवली आणि भाचीशेजारची खुर्ची ओढली.