ओट्यावरचा पासवर्ड

आमच्या वलगावच्या गल्लीत नेट सगळ्यांत आधी माझ्या घरी आलं, हे मी जरा मिजाशीतच सांगतो. पिवळं रेशनकार्ड आणि घरात बारावी झालेली मुलगी, असं दोन्ही असणाऱ्यांना त्या वर्षी सरकारी योजनेतून अर्ध्या किमतीत लॅपटॉप आणि नेटचा डबा मिळाला. जन्मभर कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलल्या, पण कशात पहिला नंबर आला नव्हता. तो नातीमुळे, दीक्षामुळे आला.

डबा खिडकीत बसवला, तर त्याची रेंज बाहेर ओट्यावरही जायची. ही बातमी मी कोणाला सांगितली नव्हती, तरी आठवडाभरात ओटा भरला. कोणी भरतीचे अर्ज भरायचं, कोणी निकाल बघायचं, कोणी नुसतंच हसत बसायचं. समोरच्या आबेदाची पोरगी इफ्फत तर कॉलेजातून थेट माझ्याच ओट्यावर यायची. चपलांचा ढीग, फुटाण्यांची टरफलं, आणि आजोबा आले तरी मान वर करायची नाही. मी दिवसभर कुरकुर करायचो. पण माझी बायको केशर गेल्यापासून घराला आवाज असा नव्हताच, त्यामुळे कुरकुरीच्या पुढे मी कधी गेलो नाही.

मला राग एकाच गोष्टीचा होता. येत सगळे, बोलत कोणी नाही. मग मी दीक्षाकडून पासवर्ड बदलायला शिकलो.

दर सोमवारी सकाळी नवा पासवर्ड. तो माझ्या तोंडून घ्यायचा, आणि त्याच्यामागची गोष्ट ऐकल्याशिवाय मिळायचा नाही. एका आठवड्यात तो हिवरखेड होता, केशरचं माहेर. लग्नाच्या दिवशी वाटेत एसटी बंद पडली आणि नवरदेवासकट सगळ्या वऱ्हाडानं ती ढकलली, हे ऐका आणि मग खुशाल नेट वापरा. एका आठवड्यात जिनातला मुकादम सहदेव होता, जो झोपेतही हिशेब पुटपुटायचा.

“आबा, आज कोणाचा नंबर?” इफ्फत विचारायची. “लांब असन तं आधीच सांगा, मले फारम भराचा हाय.”

“लांबच हाय. बस.”

ती तोंड वाकडं करायची, पण बसायची. आणि मागाहून आलेल्यांना तीच गोष्ट ती माझ्यापेक्षा रंगवून सांगायची, हे मला खिडकीतून ऐकू यायचं.

पुढे दीक्षाला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. लॅपटॉप घराच्या नावावर, तो इथंच राहिला, पण पोरगी जायलाच तयार होईना. आईबाप लहानपणीच गेले तिचे. आम्ही नवरा-बायकोनं वाढवली, आणि आता मी एकटा राहणार म्हणून ती अडून बसली.

“तुमच्यापाशी कोण राहीन?”

मी ओटा दाखवला. “हे काय कमी हायेत? मलेच बसाले जागा नाही.”

ती हसली. जाताना मात्र बजावून गेली, “ओटा खाली झाला तं मले सांगजा. मी कॉलेज सोडून येईन.” ही पोरगी बोलते तसं करते. आजीवर गेली आहे.

दुसऱ्या वर्षी योजना सगळ्या पिवळ्या कार्डांना लागू झाली. गल्लीत घरोघरी डबे बसले. पहिल्या दिवशी ओट्यावर निम्मे आले, मग दोघं-तिघं, मग इफ्फत एकटी. मग तिच्याही घरी डबा आला. कोणाचं काही चुकलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरी सोय झाली, तर माझ्या ओट्यावर डास खायला कोण येईल? तरी मला फार वाईट वाटलं. गरिबाच्या घरी नेट आलं म्हणून वाईट वाटणारा गल्लीत मी एकटाच असेन.

दीक्षाला मी काही सांगितलं नाही. दर रविवारी संध्याकाळी ती लॅपटॉपवर दिसायची, मी भिंतीला पाठ लावून बसायचो.

“ओट्यावरून आवाज नाही येऊन राहिला कोणाचा,” ती एकदा म्हणाली.

“कानात बुचं घालून बसतेत आजकाल.”

तिला पटलं. सवयीनं मी सोमवारी पासवर्ड बदलतच राहिलो. विचारणारं कोणी नव्हतं, पण बदलला नसता तर सोमवारी करायचं काय, हा प्रश्न होता.

त्या सोमवारी बदलला आणि लगेच लाइट गेली. वैतागून लॅपटॉप मिटवला तो रविवारीच उघडला. नेट जोडायला गेलो तर नवा पासवर्ड आठवेना. केशर टाकलं, हिवरखेड टाकलं, मुकादम टाकला, जिनातला कुत्रासुद्धा टाकला. काही चालेना. याआधी असं कधीच झालं नव्हतं. आधी दहा जणांना सांगून सांगून तो पाठ व्हायचा, आणि मी विसरलोच तर त्या दहांतलं कोणीतरी सांगितलं असतं. या वेळचा पासवर्ड जगात एकट्या मलाच माहीत होता.

आता काय करायचं, हे दीक्षाला साधा फोन करून विचारता आलं असतं. पण ओट्यावर इतकी गर्दी असताना पासवर्ड कोणालाच कसा माहीत नाही, असं तिनं विचारलं असतं. आणि दिसलोच नाही तर पोरगी सकाळच्या गाडीत बसली असती. मी लॅपटॉप काखेत मारला आणि समोर आबेदाकडे गेलो.

“या भाऊ, उभे काहून?” आबेदानं ओट्यावर चटई टाकली.

इफ्फत बाहेर आली. “आबा, नेट बंद हाय काय तुमचं?”

“पासवर्ड इसरलो.”

“कोणता ठेवला होता?”

“ते आठवलं असतं तं आलो असतो काय?”

ती हसली, आणि मग हसायची थांबली. तिनं आपला पासवर्ड टाकून दिला. त्याच्यामागे काही गोष्ट नव्हती.

दीक्षा दिसली. दिसल्या दिसल्या तिनं विचारलं, “आबा, मांगं हिरवा दरवाजा कोणाचा? कुठं बसले तुमी?”

“आबेदाच्या ओट्यावर.”

“काहून? आपल्या ओट्याले काय झालं?”

मी गल्लीपलीकडे पाहिलं. माझा ओटा इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. एक चप्पल नाही, एक टरफल नाही.

“लय गर्दी झाली आपल्या ओट्यावर,” मी म्हणालो. “मले जागाच नाही राह्यली.”

“खरं सांगता?”

इफ्फतनं समोर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग वाकून ती माझ्या शेजारी चटईवर बसली, लॅपटॉपमध्ये दिसेल अशी.

“हो दीदी,” ती म्हणाली. “मले बी नाही भेटली.”