नावाड्याचा आवाज

भावजय गोड आहे, नाही असं कोण म्हणतंय? दवाखान्यात एक्स-रे काढते, घरी आली की हसतमुख असते, मला ताई ताई करते. रागवायला जागाच ठेवत नाही. त्याचाच मला राग येतो.

धाकट्याचं लग्न होऊन चार महिने झाले. त्याआधी चौदा वर्षं रविवारची दुपार आम्हा बहीणभावाची होती. तो शाळेत असताना मी त्याच्या हातात एका मांगाचा पहिला भाग दिला. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची. आम्ही ती मोठ्याने, आवाज काढून वाचतो, आणि आवाजांची वाटणी ठरलेली. नायिका, तिचं कुत्रं आणि झाडून सगळे सैनिक त्याचे. नायिकेच्या म्हाताऱ्या गुरुबाई आणि लाकडी मुखवटा घातलेला नावाडी माझे. गुरुबाईंना किनरा आवाज, नावाड्याला घोगरा. गुरुबाई चौथ्याच भागात पुरात वाहून गेल्या, तेव्हा धाकट्याने दोन दिवस तोंड पाडलं होतं.

नियम एकच. एकट्याने पुढे वाचायचं नाही. माझ्यासाठी तो जास्त कठीण, कारण मी वाचनालयात नव्या पुस्तकांना प्लास्टिकचं कव्हर घालते आणि शिक्का मारते. सव्वीस भाग माझ्या हाताखालून गेले. शिक्का मारला की मी पुस्तक मिटून टाकायचे. रविवारी घरी आणून दोघांनी मिळूनच उघडायचं.

भावजयीला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या रविवारी पुस्तक उलट्या बाजूने उघडून बसली. मला मनातून बरंच वाटलं. पण धाकट्याने तिला हसत हसत समजावलं, आणि महिन्याभरात तिने सगळे भाग फस्त केले. मग जेवताना दोघांचं तेच. कोणता सैनिक फितूर, कुत्र्याचा डोळा कसा गेला. एका रविवारी तर त्याने तिला कुत्र्याचा आवाजच देऊन टाकला. ती भुंकली आणि हा पोट धरून हसला. माझ्या नावाड्यावर असा कधी खूश झाला होता, मला आठवेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"भांडी कोण घासणार आहे?" मी म्हटलं.

गुरुवारी सत्ताविसावा, शेवटचा भाग माझ्या टेबलावर आला. कव्हर घातलं, शिक्का मारला, आणि मनात आलं, रविवारी शेवट वाचून होईल तेव्हा हा माझ्याकडे बघणार नाही, तिच्याकडे बघेल. चौदा वर्षं मी राबले आणि वाटेकरी ही! निदान शेवट तरी आधी माझा. जेवणाच्या सुट्टीत दार लावून मी तो भाग वाचून काढला. नावाड्याच्या मुखवट्याआड गुरुबाई होत्या. वाहून गेल्याच नव्हत्या. मी घळाघळा रडले, आणि सांगायला जवळ कोणी नव्हतं. डबा तसाच परत आणला.

रविवारी तिघं बसलो. मी चेहरा अगदी कोरा ठेवला होता. नावाडी होडी किनाऱ्याला लावतो आणि नायिकेला म्हणतो, "पोरी, फार उशीर केलास." ते मी वाचलं. पुढचं वाक्य धाकट्याचं होतं, पण त्याने पानावरून मान वर केली.

"परत वाच," तो म्हणाला.

"का?"

"किनरा आवाज काढलास तू."

काढला होता खरा. गुरुबाई बोलताहेत हे मला माहीत होतं, घोगरा आवाज निघणार कुठून? पण मुखवटा अजून उतरायचा होता. धाकट्याने पुढची दोन पानं उलटून बघितली आणि पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

"कधी वाचलंस, ताई?"

"गुरुवारी."

"म्हणजे?" भावजय त्याच्याकडे वळली. "मग मला कशाला अडवत होतास? ताई, माझ्या मोबाईलवर हा भाग आठवडाभर पडून आहे. दोनदा उघडायला गेले, दोन्ही वेळा याने हातातून काढून घेतला. म्हणे, ताईशिवाय शेवट नाही. भांडलो आम्ही त्यावरून!"

"जाऊ दे," तो तिला म्हणाला.

तो चिडला असता तर मी सवाई चिडले असते. चार महिन्यांचं सगळं बाहेर काढलं असतं. पण त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने पुस्तक उचलून तिच्यापुढे धरलं.

"नावाडी तू वाच. पुढे काय आहे ते आता तुलाच तेवढं माहीत नाही."

तिने संकोचून माझ्याकडे पाहिलं.

"घोगराच ना, ताई?"

"घोगराच," मी म्हटलं, आणि ती वाचू लागली.