मानाच्या जागी गारठलेली पेटी

मी पेटी बोलतेय. गाण्याची पेटी समजू नका. मी पोटातलं दाखवणारी, सोनोग्राफीची पेटी. वहीपेक्षा जरा मोठी, पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याएवढी जाड. एका बाजूला वायर आणि तिच्या टोकाला साबणाच्या वडीएवढं बोंड. ते बोंड अंगावर टेकवलं की मी आत हाक घालते. ती इतकी बारीक असते की कुत्र्यालाही ऐकू जात नाही. हाक कुठे आपटून कशी परत येते ते ऐकायचं आणि त्याचं चित्र काढायचं, हेच माझं काम. लोक म्हणतात मी पाहते. खरं तर मी कान लावून बसलेली असते. दुसऱ्याच्या आत काय चाललंय याची चौकशी करायची खोड मला जन्मजात आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला दोन तास एका शीतकपाटात ठेवलं, बाहेर काढलं, बटण दाबलं. मी लागले. लगेच पाठीवर चिठ्ठी चिकटवली, 'कोणत्याही हवामानासाठी'. ती लिहिणाऱ्याने मंगोलियातला हिवाळा पाहिला नसावा.

पहिल्याच हिवाळ्यात माझी पुरती जिरली. बाहेर उणे अडतीस. पूर्ण भरलेल्या बॅटरीने पाच मिनिटांत मान टाकली. पोटाला लावायच्या जेलचा दगड झाला आणि वायर अशी ताठली की वाकवली असती तर मोडलीच असती. तंबूत नेलं तर तिथे वेगळंच संकट. चुलीच्या उबेने माझ्या गार अंगावर, अगदी आतल्या तारांवरही दव धरलं. त्या ओल्या अंगाने कुणी मला सुरू केलं असतं तर मी कायमची गेले असते. गावच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी 'नाजूक आहे' असं म्हणून मला कपाटात टाकलं. तिथे मी वर्षभर नुसती कुढत पडले होते.

बाहेर काढलं ते दुलमसुरेनने. ही डोंगरापलीकडच्या वस्त्यांची आरोग्यसेविका. वय पन्नाशीचं, घोड्यावरची बैठक पक्की, तोंड फटकळ. ती मला सरळ खोगीर शिवणाऱ्या शागदरकडे घेऊन गेली.

"शागदर, हिला अंगरखा शिवून दे."

"बाई, मी घोड्याला खोगीर शिवतो, उंटाला शिवतो. हिच्या पाठीवर कोण बसणार?"

"तू बस. पण आधी माप घे."

त्याने दुहेरी नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, वरून कातडं लावलेली पिशवी शिवली. दुलमसुरेन ती आपल्या देलच्या आत, म्हणजे इथल्या त्या लांब अंगरख्याच्या आत, छातीशी बांधायची. जेलची बाटली काखेत आणि वायर कमरपट्ट्याखाली. तंबूत पोचल्यावर तासभर पिशवी उघडायची नाही, असा तिने नियमच केला होता. कुणाला ते वावगं वाटलं नाही. मीठ घातलेला दुधाचा चहा दोन वाट्या पोटात गेल्याशिवाय इथे कामाचं कुणी बोलतच नाही.

मग माझी चैन झाली. किती जणांच्या आत डोकावले! घोड्यावरून पडलेल्यांच्या बरगड्या पाहिल्या, मटणावर आडवा हात मारणाऱ्यांची पित्ताशयं पाहिली. एकाने आपल्या गाभण घोडीचं पोट बघून द्या म्हणून हट्ट धरला. दुलमसुरेनने त्याला दारातून हाकललं. तो दाराबाहेर बसूनच राहिला, तेव्हा बघूनही दिलं. पोटातल्या शिंगराचे पाय केवढे लांब असतात, तुम्हाला कल्पना नाही.

आता त्या फेब्रुवारीचं सांगते.

मेंढपाळ गोंबोजावने रेंजसाठी टेकडीवर चढून दुलमसुरेनला फोन केला. इथे कुणी खुशाली विचारली की आधी सगळं छानच सांगायचं असतं.

"माणसं छान आहेत, ताई. गुरं छान. हिवाळाही छान चाललाय."

"आणि तुझी बायको, खांदमा?"

"तीही छान. आठवा लागलाय. काल जरा रक्त गेलं."

दुलमसुरेनने फोन ठेवला तो घोड्यावर बसूनच. वाटभर ती गोंबोजावच्या 'छान'चा उद्धार करत होती आणि मी तिच्या छातीशी ऐकत होते.

पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. खांदमा पडून होती. रक्त थांबलं होतं, पण चेहरा पांढराफटक. प्रश्न एकच होता, आणि तो मीच सोडवायचा होता. बाळाची वार गर्भपिशवीच्या तोंडावर आडवी आली असेल, तर घरी बाळंतपण म्हणजे आई आणि बाळ दोघांचाही घात. तिला शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. पण तो दवाखाना दीडशे किलोमीटरवर. मध्ये बर्फाने भरलेली खिंड, जीप अडकली तर माणसं गाडीतच गोठतात. उगाच न्यायचं तर तोही जिवाशीच खेळ.

दुलमसुरेनने मला पिशवीसकट खांदमाच्या उशाशी ठेवलं आणि चहाची वाटी हातात घेतली. तेवढ्यात बाहेर वारा उठला. मेंढ्या उधळल्या. त्या हिवाळ्यात आधीच निम्मा कळप गेलेला. गोंबोजाव धावला, त्याच्या मागे दुलमसुरेनही. कुणी काही सांगायला वेळच नव्हता.

आत राहिली गोंबोजावची आई, त्सेवेलमा आजी. तिची नजर माझ्यावर पडली. एवढ्या लांबून आलेली, सुनेचा निकाल सांगणारी वस्तू अशी घोड्याच्या घामाने वास मारणाऱ्या पिशवीत, जमिनीवर! आजीला ते बरं वाटलं नाही. तिने मला हळूच पिशवीतून काढलं, निळ्या रेशमी वस्त्रात गुंडाळलं, कपाळाला लावलं आणि दारासमोरच्या मानाच्या जागी, देवांच्या पेटाऱ्यावर ठेवलं. खरं सांगते, मी फुशारले. मला आजवर असा मान कुणी दिला नव्हता.

पण मानाची जागा चुलीपासून सगळ्यात लांब, थेट भिंतीला लागून. वाऱ्याने भिंतीचा नमदा खालून उचलला जात होता. वेळेआधी व्यायलेल्या मेंढ्यांची कोकरं आणायला दार सारखं उघडत होतं आणि आजी कोकरं पुसण्यात गुंतली. चुलीतल्या गोवऱ्या विझत आल्या. रेशीम दिसायला सुंदर, उबेला काही कामाचं नाही. दोन तासांत मी गोठले.

दुलमसुरेन परतली, मला शोधून तिने बटण दाबलं. मी हूं की चूं केलं नाही.

"हिला कुणी हलवलं?"

"मी," आजी म्हणाली. "पाहुणी आहे ती. तिला जमिनीवर ठेवू?"

"ताई, चुलीवर धरू या का?" खांदमाने पडल्यापडल्या विचारलं.

"तडकेल. आजी, कसली पाहुणी? कोकरू आहे ते, कोकरू! गारठलेलं कोकरू कुठे ठेवता तुम्ही?"

आजी लगेच उठली. मला पिशवीत घातलं, देलचे बंद सोडले आणि पोटाशी घेतलं. आत आधीच एक ओलं कोकरू होतं. ते तिने दुसऱ्या बाजूला सरकवलं. वरून दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डुलत गाऊ लागली, "तोइग, तोइग, तोइग." मेंढी आपल्या पिल्लाला दूध देईना की ही माणसं तिच्यापुढे हेच गातात. मला दूध नको होतं, तरी मी ऐकत राहिले.

तासभर असं चाललं. मध्येच खांदमा म्हणाली, "ताई, पुन्हा रक्त जातंय."

"हलू नकोस," दुलमसुरेन म्हणाली. तिचा फटकळ आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. गोंबोजाव दाराशी उभा होता, हातातली टोपी पिळत. मला भीती वाटत होती, सरळ सांगते. एवढ्या लोकांच्या आत डोकावून मौज पाहिली, आणि आता खरी गरज पडली तर मी आजीच्या पोटाशी निपचित.

शेवटी बटण दाबलं आणि मी लागले. बॅटरीत जेमतेम दहा मिनिटांचा जीव. कोमट पाण्यात वितळवलेलं जेल लावलं, बोंड टेकवलं. हाक घातली. आधी बाळाचं हृदय, टकटक, टकटक, घाईत असल्यासारखं. मग डोकं. मग वार. ती सगळ्यात खाली होती, दारात आडवं पडून वाट अडवावी तशी.

"निघायचं," दुलमसुरेन म्हणाली. "आत्ता. गोंबोजाव, टेकडीवर जा, जीप मागव. आणि त्यांना छान-बिन काही सांगू नकोस."

चारला जीप आली. आजीने मला स्वतःच्या देलमधून काढून सुनेच्या देलमध्ये घातलं. वाटेत दोनदा जीप रुतली. दोन्ही वेळा दुलमसुरेनने मला सुरू केलं, टकटक ऐकली आणि लगेच बंद केलं. खिंड ओलांडली तेव्हा मी कोणाच्या उबेने जागी होते, खांदमाच्या की तिच्या बाळाच्या, मला सांगता येणार नाही.

दवाखान्यात खांदमाला आत नेलं. मला आत मज्जाव. अंगाला मेंढीचा वास येतो म्हणे. मी बाकावर दुलमसुरेनच्या मांडीवर पडून होते. तेवढ्यात दारापलीकडून एक आवाज आला, चिडका, फाटका. दुलमसुरेन मला घट्ट धरून रडायलाच लागली. मला क्षणभर कळेना काय झालं. शेकडो बाळं पाहिली होती मी, पण माझं काम जन्माआधीच संपतं. रडणारं बाळ मी कधी ऐकलंच नव्हतं. मुलगी झाली होती, आणि तिची आईही वाचली होती.

त्याला चार वर्षं झाली. आता माझी बॅटरी फुगलीय, पडद्यावर आडव्या रेघा आल्यात. कारखान्यातून पत्र आलंय. त्यांच्या बाकीच्या पेट्या इथे दोन हिवाळे टिकल्या नाहीत, मग ही सहा कशी टिकली? मला परत मागवलंय. उघडून, एकेक सुटा भाग तपासून शोध घेणार आहेत, म्हणजे पुढच्या पेट्या तशा बनवता येतील.

उघडा, खुशाल उघडा. चौकस माणसांवर मी कशी रागावणार? कोपऱ्यांत थोडी लोकर सापडेल, घोड्याचे दोन-चार केस सापडतील. पण बाबांनो, तुम्ही शोधताय ते माझ्या आत नाही. त्यापेक्षा इकडे या, चहा घ्या आणि त्सेवेलमा आजीला विचारा. जरा लवकर या मात्र. ती ब्याऐंशी वर्षांची आहे.