आवाज नसलेला फोन

एका फोनने दुसऱ्या फोनशी बोलायचं, ते काही गोडीगुलाबीने घडत नाही. आधी कुठेतरी माणसं टेबलाभोवती बसतात, महिनोन्महिने भांडतात, चहा गार करतात, आणि मग ठरतं की अमुक खूण म्हणजे ‘आलो’ आणि तमुक खूण म्हणजे ‘निघालो’. याला मानक म्हणतात. एकदा ठरलं की जगातल्या यंत्रांनी ते मुकाट पाळायचं. लग्नातल्या शपथाही माणसं इतक्या इमानाने पाळत नाहीत.

अशाच एका मंडळात एक इंजिनिअर होती. मसुद्यातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर तिच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून सगळे तिला स्वल्पविरामबाई म्हणत. त्या सकाळी मात्र तिचा घास एका अख्ख्या कलमापाशी अडकला होता. कलम असं: पलीकडून माणसाचा आवाज येत नसेल (नुसता श्वास आवाजात धरू नये), तर दहा सेकंदांनी कॉल तोडावा, संकटकाळच्या नंबरावर आला असला तरी.

कलम तिच्याच साहेबांचं होतं. लिफ्टमध्ये तिने धीर करून विषय काढला.

“साहेब, माझी आई...”

“बाई, आईचं घरी. खिशात दाबले गेलेले फोन, पोरांचे चाळे, सगळा कचरा त्या नंबरावर येऊन पडतो. खऱ्या हाकेला वाट मोकळी नको?”

“पण ज्याला बोलताच येत नाही त्याने काय करायचं?”

“त्याने खोकावं!” साहेब स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले. मग हसू पुसून म्हणाले, “प्रस्ताव आपल्या कंपनीचा आहे. घरभेदीपणा केलात, तर उद्यापासून स्वल्पविराम घरी बसून मोजा.”

तिची आई खोकू शकत होती, नाही असं नाही. गेल्या वर्षी तिचं अर्धं अंग लुळं पडलं आणि शब्द गेले. उरला फक्त एक ‘हूं’. भूक लागली, हूं. मालिका आवडली, हूं. जावई मूर्ख आहे, त्याचाही एक खास हूं होता. तिच्या उशाशी मोठ्या बटणांचा फोन होता आणि त्याचं लाल बटण दाबलं की लेकीला लागे. पण आई घाबरली की तो हूंसुद्धा आटायचा. एकदा घरातले दिवे गेले, तेव्हा फोनवर नुसता श्वास आला होता. लेक तो श्वास ओळखून धावली होती.

सभागृह मोठं, गालिचा जाड, खिडक्या न उघडणाऱ्या. साहेबांनी हौसेने आणखी एक कारभार करून ठेवला होता. सभागृहापुरता एक छोटा टॉवर उभारून त्यात आपलं कलम आधीच चालू केलं होतं. सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर. “आपण रांधलेलं आधी आपण जेवून दाखवावं,” असं ते छाती फुगवून सांगत होते.

आता या मंडळाची एक गंमत सांगायला हवी. इथे हात वर करून मत देत नाहीत. हात वर करायचा तर माणूस आधी साहेबाचा हात कुठे आहे ते बघतो. म्हणून दारं लावायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि तोंड बंद ठेवून हुंकार भरायचा. आधी प्रस्तावाच्या बाजूने असणाऱ्यांनी, मग विरोधकांनी. ज्यांचा घुमारा मोठा, ते जिंकले. एकदा म्हणे एवढा घुमारा झाला होता की छपरातली वटवाघळं आपली सभा समजून आत आली.

अध्यक्षांनी दारं लावायला सांगितली, आणि तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. घर.

तिने टेबलाखाली वाकून कानाला लावला. “आई?”

काही नाही. दूर कुठेतरी भांडं गडगडत गेल्याचा आवाज. मग श्वास, बारीक, तुटक.

“आई, हूं म्हण. अगं, एकदा हूं म्हण!”

टूं. कॉल तुटला.

तिने उलटा फोन लावला. पलीकडचा फोन व्यस्त. शेजारच्या काकूंना लावला. काकू सकाळी आईजवळ बसायच्या, पण त्या उचलेनात. तिने घाईघाईने त्यांना निरोप पाठवला: आईकडे जा, आत्ता. तेवढ्यात पुन्हा घर. पुन्हा तोच श्वास, आता अधिक खालून आल्यासारखा, जणू फरशीवरून. पुन्हा टूं.

आई हाक मारत होती आणि साहेबांचं कलम दर वेळी तिच्या तोंडावर दार आपटत होतं.

“डोळे मिटा,” अध्यक्ष म्हणाले. “हुंकार संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.”

उठून पळावं, तर कलम बिनविरोध पास. मग उद्या कुठल्याही टॉवरखाली आईचा श्वास असाच कापला जाणार. तिने खुर्ची घट्ट धरली.

“बाजूने?”

सभागृह मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घुमलं. शेजारी साहेब तर असे घुमले की पेल्यातलं पाणी हललं.

“विरोधात?”

तिने ओठ मिटले, जोर लावला. आवाज येईना. साहेबांची खुर्ची तिच्या बाजूला करकरली; त्यांनी कान पुढे केला असणार. भीतीने माणसाचा आवाज असा चोरीला जातो, हे तिला इतक्या जवळून तेव्हाच कळलं. आईचं रोज हेच होत असेल.

“कुणीच नाही?” अध्यक्षांचा हात हातोड्याकडे गेल्याची सळसळ झाली.

फोन पुन्हा थरथरला. तिने तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि समोरच्या माइकला टेकवला.

मिटल्या डोळ्यांच्या त्या सभागृहात एक श्वास भरून राहिला. भिंतीतल्या कर्ण्यांतून, डोक्यावरून, मानेमागून. आत ओढलेला, अडखळलेला, पुन्हा ओढलेला. नखांनी फरशी खरवडल्याचा आवाज आला. कुणीतरी पुटपुटलं, “कोण आहे?” श्वास जवळ आला, काहीतरी सांगायला तोंड उघडावं तसा थांबला, आणि

टूं.



त्या शांततेत तिच्या घशातून एक चिरका हुंकार निघाला, दाराच्या बिजागरीसारखा. मागच्या रांगेतून कुणीतरी त्याला हुंकार जोडला. मग डावीकडून. मग सगळं सभागृह घुमू लागलं, पण आता मधमाश्या नव्हत्या. अंधारात एकमेकांना हाका घालणारी घाबरलेली माणसं होती.

“कलम फेटाळलं,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचाही आवाज धड नव्हता. “आणि तो टॉवर आधी बंद करा.”

साहेबांनी तिचं मनगट धरलं. “तुम्हीच होतात ना?”

“डोळे मिटलेले होते ना, साहेब? मग तुम्हाला कसं दिसलं?”

उद्याचं उद्या. ती धावत सुटली. रस्त्यावर टॅक्सीत बसते न बसते तोच घरून फोन आला. या वेळी दहा सेकंद गेले, वीस गेले, कॉल तुटला नाही. पण श्वास आता पार बारीक झाला होता, दोन श्वासांमधली फट वाढत चालली होती.

“आई, येतेय मी. झोपू नकोस हं. ऐक, तुला गंमत सांगते.” ती बोलत राहिली. “एक सभागृह होतं. तिथे मोठमोठे साहेब डोळे मिटून भुंग्यासारखे घुमायचे...”

सिग्नल. ड्रायव्हर आरशातून बघत होता. “जोरात घ्या हो,” ती त्याला म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये, “एकदा तर छपरातून वटवाघळं आली...”

पलीकडे दार उघडलं. काकूंची किंकाळी आली, “अगं बाई! वहिनी, खाली कशा पडलात!” मग धडपड, पाण्याचा आवाज, काहीतरी उचलल्याचं कण्हणं. आणि मग काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

तिने डोळे मिटले. “...तर आई, त्या वटवाघळांनीसुद्धा मत दिलं.”

गाडी एक अख्खा चौक ओलांडून गेली.

“हूं,” आई म्हणाली. पुढे सांग, असा.