यादीतल्या बायका

तळलेल्या मूगडाळीचा एक दाणा, मसाल्यानं लाल झालेला, दाराबाहेरच्या ओट्याच्या फटीत अडकला होता, आणि मिरा तो खराट्याच्या काडीनं उकरत होती – रोजच्यासारखाच, पण आज शेवटचा, असं मनाशी घोकत. समोरच्या बारमधून हे दाणे इथवर येतात कसे... येतात कसे म्हणजे, माणसं आणतात मुठीत धरून, आपल्याच ओट्यावर बसून खातात आणि उठून आपल्याच भिंतीशी उभी राहतात. दोन हजार दोनपासून सहा वर्षं हेच. हिंगोलीच्या भर बाजारातली ही गल्ली, या दारातून त्या दारात हात लांबवून वाटीभर साखर द्यावी एवढी अरुंद, आणि तिच्यात दुपारी बारालाच गाणी सुरू. लेकीला, प्रतिक्षाला, बारावीसाठी आखाडा बाळापूरला मावशीकडे ठेवावं लागलं. पोरगी स्वतःच्या घरात पुस्तक उघडू शकत नाही, या रागानं मिराचं डोकं वर्षभर तापलेलं होतं, आणि ते निवावं असं तिला वाटतही नव्हतं.

आज बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. प्रभागाच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की बार बंद. आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, यादीतल्या. घरी बसून राहिली ती बाई आपोआप बारवाल्याची! म्हणून मिरा सकाळपासून दारं वाजवत होती. शेजारच्या नर्मदाबाईला तर पायाला प्लास्टर असताना रिक्षात घालून नेलं होतं.

चार वाजता ती पुन्हा मतदानाच्या शाळेकडे निघाली तेव्हा बारचा मालक उकंडराव दारात खुर्ची टाकून बसला होता. तो कधी कोणाला वावगं बोलत नसे, आणि तिला त्याची हीच चीड होती.

"बाई, काहून उन्हात जीव काढून राहिल्या?" तो म्हणाला. "तुमच्या आत्याबाई बी आमच्याकडंच हायेत. यादी बघा."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, भिकाबाई. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

शाळेत तिनं यादी मागून घेतली. भिकाबाई हरिचंद, वय बहात्तर, फोटोत डोळे बारीक केलेले... आणि ही यादी दुरुस्त कोणी केली होती? अंगणवाडीची बाई म्हणून गेल्या वर्षी पिशवीत मेलेल्यांची नावं वगळायचे अर्ज घेऊन घरोघर कोण फिरलं होतं? मीच. दहा घरांत लोक म्हणाले, राहू द्या बाई, एवढ्यात नका काढू म्हातारीचं नाव – कोणाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, कोणाचा लेक रडायला लागला – आणि मी अर्ज पिशवीत परत ठेवला, चहा घेतला, वर पुण्य केल्यासारखं वाटलं. अकराव्या घरात तर अर्ज बाहेरही काढला नाही. ते घर माझं होतं.

आणि आत्याबाई! भिंतीशी उभ्या राहिलेल्या माणसावर बादलीभर पाणी ओतणारी गल्लीतली ती एकटी बाई. शेवटच्या दुपारी समोर वरातीचं गाणं चाललेलं, घसा कोरडा पडलेला, तरी ती म्हणत होती, दार लाव गं. दार लावलेलंच होतं.

पाचला शाळेचं फाटक बंद झालं. यादीत सहाशे बारा, म्हणजे हव्या होत्या तीनशे सात; आलेल्या तीनशे एक. मोजणीची गरजच उरली नाही. मिरा पायरीवर बसून बोटांवर वजाबाकी करत राहिली. अकरा काढल्या की सहाशे एक, म्हणजे तीनशे एक पुरल्या असत्या, सगळ्यांनी आडवीच मारली असती तर... मेलात तर यादीतून तरी जायचं, असं ती आत्याबाईला मनात म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर स्वतःची किळस आली.

बायका उकंडरावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. त्यानं पैसे चारले, त्यानं यादीत घोळ केला, असं जी ती म्हणत होती.

"तू काहून गप?" नर्मदाबाई म्हणाली. "त्याच्या दारात जाऊन तूच बोल. तुझ्या बोलण्याला वजन हाय."

मिरा उठली. शिवी ओठांपर्यंत आली होती, अगदी तयार, वर्षभर साठवलेली. पण ती उकंडरावासाठी नव्हती. बायका तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या, आपल्या बाई आता काय बोलतात म्हणून.