बायडाबाईंचा सूर आणि शेवटची काच

पावणं, जरा इकडं बघा. कोपऱ्यात तीन पायांवर उभी असलेली ही लाकडी पेटी म्हणजे मी, फक्रुद्दीनभाईंचा कॅमेरा. जन्म विलायतेचा, पण तिकडचं मला काही आठवत नाही. शाहू महाराज गादीवर येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा भाईंनी मला मुंबईच्या एका दुकानातून उचललं आणि रेल्वेनं कोल्हापुरात आणलं. बघायला अर्धी गल्ली जमली होती.

माझ्या पोटात सगळी माणसं उलटी दिसतात. फेटे खाली, जोडे वर. कुणी कितीही रुबाबात बसलं तरी मला हसूच यायचं. भाईंना मात्र हसायला उसंत नसे. माझ्यात फोटो उमटायची एक काच सरकवायची, भिंगाची टोपी काढायची आणि चार आकडे मोजायचे. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. पैलवान यात पटाईत. नवरदेव त्याहून पटाईत. ते घाबरूनच थिजलेले असत.

पण भाईंचा जीव गाण्यात. त्यांना ओढ दरबारी गवयांची नव्हे, तर कुणाच्याच पदरी नसलेल्या कलावंतांची. तालमीच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली की हे लोक मांडी घालून सुरू करत. त्यांचा फोटो गाता-वाजवतानाच घ्यायचा, असा भाईंनी हट्ट धरला आणि माझी फजिती सुरू झाली. ढोलकीवाल्या मौलाचा फोटो काढला, तर त्याला हातच आले नाहीत; मनगटापुढं नुसता धूर. मौलानं तो घरी न्यायला साफ नकार दिला.

एका दुपारी गारगोटीच्या बायडाबाई गायला आल्या. वय पन्नाशीचं, आवाज पहाडी, बोलणं रोखठोक. भाईंनी दोन काचा वाया घालवल्या. दोन्हींत बाईंना तीन-तीन तोंडं. आता एकच काच उरली. नाइलाजानं भाईंनी त्यांना गाणं थांबवून नुसतं बसायला सांगितलं.

"गप बसल्याली बायडा घरात रोज असती की," बाई म्हणाल्या.

मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की वैद्यांनी गळा जपायला सांगितलाय, पुढच्या वर्षी गाणं होईल न होईल. लेक शेवंता हुपरीला दिलेली. तिच्या सासरी गाण्याचं नाव काढलेलं चालत नाही. तिला निदान आई गाताना दिसावी, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

बाईंनीच वाट काढली. "शेवटाला मी एक लांब सूर लावती. तवा माझं अंग हालत न्हाय. सूर लागला की टोपी काढा, दम सुटला की घाला. मोजू नगासा."

सूर लागला. मौलानं ढोलकीवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. भाईंनी टोपी काढली आणि ऐकता ऐकता ती घालायचंच विसरले. हातात टोपी, डोळ्यांत पाणी. बाईंचा दम संपला, सूर थांबला, तरी भाई तसेच. माझ्या पोटात उजेड नुसता ओतला जात होता. मी ओरडणार कसा?

बायडाबाईंनी ते पाहिलं आणि तोंड मिटलंच नाही. आवाज सरल्यावरही त्या तशाच बसून राहिल्या, मान ताठ, डोळे भाईंवर. अंगणात कुणी हललं नाही. भाई भानावर आले तेव्हा कुठं टोपी बसली.

छाप फिकट आली, पण तोंड एकच आणि तेही गाणारं.

आता भाईंकडं नवा, हलका कॅमेरा आहे. भिंगामागचा माझा घडीचा कातडी भाता फाटलाय आणि भाईंच्या बायको शहाजादीभाभी माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी ठेवतात. मी रुसून होतो. पण परवा शेवंता भाईंना भेटायला आली आणि माझा रुसवा गेला.

तिनं सांगितलं, फोटो बघून सासूबाईंनी विचारलं होतं, "विहीणबाईंनी त्वांड का उघडलंय? दाढ दुखत हुती का?" शेवंताला सांगता येईना. तिनं घडवायला घेतलेलं चांदीचं पैंजण खाली ठेवलं आणि त्या घरात पहिल्यांदाच आईचा तो सूर लावून दाखवला. सासूबाई उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "काल मधीच थांबलीस. फुडचं म्हण."

तर पावणं, भाई आले की माझा निरोप द्या. भात्याला एक ठिगळ पुरेल. शेवंताचा गातानाचा फोटो काढायला हुपरीला जायला मी तयार आहे.