मागच्या बाकांवरून

"त्यांना सांगा, बोलता येईल, पण गाणं आता नाही," डॉक्टर म्हणाले आणि पेनाला टोपण लावून दुभाषीबाईंकडे बघत राहिले.

परभाषेतल्या रुग्णांना असल्या बातम्या सांगणं हे बाईंचं रोजचंच काम. पण समोर गळ्याला मफलर गुंडाळून बसलेली म्हातारी कुणी ऐरीगैरी नव्हती. जिच्यावरून बाईंनी अख्खं तरुणपण ओवाळून टाकलं, ती ही गायिका. कार्यक्रमांच्या दौऱ्यावर आली काय, आणि आवाज बसला तो बसलाच.

बाईंचे वडील शिंपी. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात हिची कॅसेट सापडली. गिऱ्हाईक म्हणालं, ठेवा तुम्हालाच. मशीनच्या खडखडाटात बाई ती कानात प्राण आणून ऐकायच्या. पुढे जुन्या बाजारातून शब्दकोश आणला, आणखी कॅसेटी आणल्या. गाण्यांपेक्षा त्यांना गाण्यांच्या मधलं बोलणं आवडायचं. ताई (मनातल्या मनात त्या तिला ताईच म्हणत) पाणी मागायची, ढोलवाल्याला झापायची, आईच्या आठवणी सांगायची. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला विचारायची, "मागच्या बाकांवरच्यांनो, ऐकू येतंय का?" लोक ओरडायचे, "येतंय!" दुकानात काजं करता करता बाईही ओरडायच्या. त्या भाषेत वेळ विचारायला शिकायच्या आधी त्या ढोलवाल्याला शिव्या घालायला शिकल्या.

"पोरगी भाषा शिकतेय की भांडणं?" वडील हसायचे.

"भांडणंच. घरच्या भाषेतली पुरेनात तिला," भाऊ म्हणायचा.

या भांडणांवरच नोकरी मिळाली. मुलाखतीत समोरच्यांनी म्हटलं, बोला. आणि बाईंच्या तोंडून निघालं, "मागच्या बाकांवरच्यांनो, ऐकू येतंय का?" खोलीत हशा पिकला. निवड झाली, पण साहेबांनी बजावलं, "भाषा उत्तम आहे, पण हे डोंगराकडचं हेल काढणं इथे नको. रुग्णांना वाटेल, त्यांच्या शेजारणीला बसवलंय."

ताई होतीच डोंगरातली. तिकडे शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवतात, पलीकडच्या टेकडीवरच्याला हाक मारावी तसं. बाईंनी आरशासमोर बसून ते हेल एकेक करून काढून टाकले. पोट भरायचं होतं, इलाज नव्हता. पण जुन्या कॅसेटी लावल्या की स्वतःचीच चोरी केल्यासारखं वाटायचं.

आता त्यांनी घसा साफ केला आणि त्याच घासूनपुसून काढलेल्या भाषेत सांगितलं, "आपल्या स्वरयंत्राची एक नस निकामी झाली आहे. आपण बोलू शकाल. गाऊ शकणार नाही."

ताईने तिकीट खिडकीवरच्या कारकुनाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग फुसफुसत्या आवाजात विचारलं, "बरं. म्हणजे पुढच्या आठवड्यातला कार्यक्रम होईल ना?"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कळलं नाही त्यांना," बाई म्हणाल्या. "मी परत सांगते."

शब्द तर सगळे कळले होते. पण आत काही गेलं नव्हतं. असली बातमी परक्या तोंडून आत जातच नाही, हे बाईंना इतकी वर्षं ही नोकरी करून ठाऊक झालं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तो हेल आता जमेल का, याचीच धास्ती होती. इतक्या वर्षांत तो जिभेवर आला नव्हता.

"ताई गं," त्या म्हणाल्या, आणि शेवटचं अक्षर आपसूक लांबलं. "गळ्यातली नस दमली गं. बोलशील तू. ढोलवाल्याला झापशीलसुद्धा. पण गाणं झालं आता. पुढच्या आठवड्यातलं नाही, नि त्याच्या पुढचंही नाही."

म्हातारीचे ओठ हलले. तिने मफलर सोडवला, मांडीवर ठेवला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग डोळे घळाघळा वाहू लागले. बाईंनी तिचे हात धरले. दवाखान्यात रुग्णाला हात लावायचा नाही असा नियम होता; तो डॉक्टरांनाही त्या वेळी आठवला नाही.

रडं ओसरल्यावर तिने विचारलं, "तू कुठल्या गावची गं? आमच्या खोऱ्यातली?"

"मी तिकडे कधी पाऊलही टाकलं नाही. हे सगळं तुझ्याच कॅसेटमधलं. माझ्या वडिलांच्या शिंपी दुकानात ऐकलेलं."

माझी आई असंच बोलायची, एवढंच म्हातारी म्हणाली. डॉक्टर विचारत होते, काय चाललंय. बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच भाषांतर केलं नाही.

मग ताई खुर्चीत ताठ बसली. हनुवटी उचलली. ऐकायला कान जवळ न्यावा लागेल इतक्या बारीक आवाजात, खोलीच्या पार मागच्या भिंतीकडे बघत तिने विचारलं, "मागच्या बाकांवरच्यांनो, ऐकू येतंय का?"

उत्तर बाईंना लहानपणापासून पाठ होतं.

"येतंय, ताई," त्या म्हणाल्या. "येतंय."